फेलोशिप मागताना नेमके काय मागायचे?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका वाचक भगिनीने पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ३१. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या या भगिनी तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची पीएच. डी.साठी नोंदणी झाली आहे. खाडीत मुळे, तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायका व या शिंपल्यांचे घटते प्रमाण हा त्यांचा विषय. त्या बायकांच्या मदतीने त्यांनी गावच्या फॅब्रिकेटरकडून एक चाळण करून घेतली आहे. तिच्यातून बारीक शिंपले पुन्हा चिखलात पडतात आणि मोठे तेवढे वर राहतात. परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी केलेले तिन्ही अर्ज नाकारले गेले. "विषय छोट्या गावातला, महाविद्यालय छोटे, शिक्षण मराठी माध्यमातले आणि वय निघून चाललेले, अशांना कोण विचारणार?" असे त्या लिहितात. शहरातील एक सल्लागार ६० हजार रुपयांत पूर्ण अर्ज लिहून द्यायला तयार आहे आणि त्यासाठी वडील यंदाची कलमांची बाग मोहोर येण्याआधीच व्यापाऱ्याला देण्याच्या विचारात आहेत. त्यातच एका 'आंतरराष्ट्रीय तरुण शास्त्रज्ञ पुरस्कारा'साठी निवड झाल्याची ई-मेल आली असून नोंदणीचे २८ हजार रुपये महिनाअखेरपर्यंत भरायचे आहेत. प्राचार्यांचे मत पैसे भरावेत, महाविद्यालयाच्या अहवालात नोंद होईल, असे आहे. चाळणीचे पेटंट घ्यावे, असेही ते सुचवतात. आईला वाटते, मुलगी गेली की परत येणार नाही. यातून वाट कशी काढावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील दोन गोष्टींना मुदत आहे, म्हणून त्यांचे उत्तर आधी देते. पुरस्काराचे २८ हजार रुपये भरू नका, आणि अर्ज लिहून घेण्यासाठी बाग व्यापाऱ्याला देऊ नका.

न मागता आलेला पुरस्कार खोटाच असतो, असे मात्र नाही. पर्यावरण क्षेत्रातील गोल्डमन पुरस्कार किंवा आशियातील मॅगसेसे पुरस्कार यांसाठी कोणी स्वतःचा अर्ज करत नाही. इतरांनी नाव सुचवायचे आणि संस्थेने स्वतंत्रपणे चौकशी करायची, अशी तिथली रीत आहे. आपल्याच महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांना १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही अर्ज करून नव्हे. फरक इतकाच, की या संस्था पुरस्कारार्थीला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत. तुम्हाला आलेल्या ई-मेलमध्ये निवड समितीत कोण आहे, तुमचे कोणते काम वाचून निवड झाली आणि यापूर्वी कोणाला हा पुरस्कार मिळाला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. हॉटेलचे नाव आणि भोजनाचा तपशील मात्र आहे.

प्राचार्यांचे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही, कारण असे पुरस्कार विकणारा हा बाजार निवडीतील ज्या गुणांवर उभा आहे ते गुण खरे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची प्राथमिक छाननी करताना आंतरराष्ट्रीय किंवा राष्ट्रीय पुरस्काराला ३ गुण ठेवले आहेत. पण त्याच तक्त्यात पुढे असेही म्हटले आहे, की तो पुरस्कार आंतरराष्ट्रीय संघटनेने, भारत सरकारने किंवा भारत सरकारची मान्यता असलेल्या राष्ट्रीय पातळीवरील संस्थेने दिलेला असावा. एखाद्या खाजगी कंपनीने हॉटेलात दिलेले मानचिन्ह या व्याख्येत बसवणे अवघड आहे. म्हणजे नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी २८ हजारांत तुम्ही जे विकत घेणार आहात ते उपयोगाला येण्याची शक्यता कमी, आणि मुलाखतीत एखाद्या जाणकार सदस्याने त्यावर बोट ठेवले तर तुमच्या खऱ्या कामाविषयीही शंका घेतली जाण्याची शक्यता जास्त. प्राचार्यांना हा तक्ता नम्रपणे दाखवा. नकार देण्याचे ओझे मग तुमच्या एकटीवर राहणार नाही.

सल्लागाराच्या बाबतीत मला त्याच्या शुल्काइतकीच त्याच्या लेखनाचीही काळजी वाटते. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू, ब्रिटनमधील राष्ट्रकुल आणि चेव्हनिंग किंवा जर्मनीची डाड (DAAD, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) या योजनांच्या अर्जाला शुल्क नसते. (विद्यापीठे प्रवेशअर्जाचे शुल्क घेतात, ती बाब निराळी.) तेव्हा ६० हजार रुपये केवळ लेखनाचे आहेत. तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या नमुन्यात खाडीतल्या बायकांना 'अशिक्षित आणि असहाय' म्हटले आहे आणि तुम्ही त्यांच्यापर्यंत विज्ञानाचा प्रकाश पोहोचवला, असा दावा आहे. पण तुमच्याच पत्रात तुम्ही लिहिले आहे, की उधाणाच्या सुकतीला, म्हणजे मोठ्या ओहोटीला, कोणता पट्टा उघडा पडतो, कोणत्या पट्ट्यात यंदा जायचे नाही आणि चिखलाच्या रंगावरून खाली मुळे असतील की नाही, हे तुम्हाला त्या बायकांनी शिकवले. माझ्या मते तुमच्या अर्जाचा गाभा हाच आहे, आणि सल्लागाराने नेमका तोच पुसून टाकला आहे. त्याच्या मसुद्यातले तुमचे गाव कोणत्याही किनाऱ्यावरचे असू शकते. शेकडो अर्ज वाचणाऱ्या परीक्षकाला असे परिच्छेद पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: फेलोशिप म्हणजे योग्यतेचा दाखला, तो मिळाला तर आपण लायक आणि नाकारला गेला तर नालायक. प्रत्यक्षात बहुतेक फेलोशिपा या एका ठरावीक कामासाठी, ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळाकरिता दिलेला पैसा असतात. पुरस्कार झालेल्या कामाकडे पाहतो, तर फेलोशिप होणाऱ्या कामाकडे. म्हणून 'मी किती मेहनती आहे' हे सांगण्यापेक्षा 'हे काम इथे का होत नाही आणि तिथे का होईल' हे सांगणे फेलोशिपच्या अर्जात अधिक महत्त्वाचे असते.

या दृष्टीने तुमचे तीन नकार पाहा. पहिले दोन अर्ज ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी होते. तुम्ही एम. एस्सी. आहात आणि पीएच. डी.च्या मध्यावर आहात. मग दुसरी पदव्युत्तर पदवी कशासाठी, हा प्रश्न परीक्षकाला पडणारच, आणि तुमच्या अर्जात त्याचे उत्तर नव्हते. तिसरा अर्ज संशोधनाचा होता, पण तुम्हाला बोलावणाऱ्या विभागाचे किंवा प्राध्यापकाचे पत्र त्याला जोडलेले नव्हते. यात तुमचे गाव, माध्यम किंवा महाविद्यालय कुठे आड आले, हे मला दिसत नाही. तुम्ही दार चुकीचे निवडले होते.

पीएच. डी. करत असलेल्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप भारतीय विद्यापीठात नोंदणी असलेल्या संशोधकाला सहा ते नऊ महिने अमेरिकेतील एखाद्या संस्थेत काम करू देते. पदवी मात्र आपल्याच विद्यापीठाची राहते. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीतील 'स्प्लिट-साइट' प्रकारात मायदेशातील पीएच. डी.चे एक वर्ष ब्रिटनमध्ये घालवता येते. डाडकडे दोन देशांतील मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली होणाऱ्या पीएच. डी.साठी अनुदान आहे. या सर्वांचे नियम आणि मुदती दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत जाहिरातच वाचावी. कोणाच्या व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता नव्हे.

वयाविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यातही अर्धेच तथ्य आहे. काही योजनांत वयाची अट खरोखर असते. इनलॅक्स शिवदासानी शिष्यवृत्तीचे दार तिशीच्या आतल्यांसाठीच आहे आणि ते तुम्हाला बंद झाले, हे मान्य करून पुढे जावे. पण संशोधनाच्या अनेक योजना जन्मतारखेपेक्षा पदवीच्या तारखेपासून वर्षे मोजतात. डाडच्या अनेक योजनांत शेवटची पदवी मिळून सहा वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, अशी अट असते; तुमची एम. एस्सी. कोणत्या वर्षीची आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, ते आधी तपासा. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएच. डी.नंतरच्या चार वर्षांत मागता येते, अनुभवी संशोधकांसाठी हा काळ बारा वर्षांपर्यंत जातो, आणि तिला वर्षातून एकदाच येणारी अंतिम तारीखही नाही. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पीएच. डी.नंतरची आठ वर्षे चालतात. म्हणजे या योजनांपुरते तुमचे घड्याळ अजून सुरूच झालेले नाही. पीएच. डी. नीट पूर्ण करणे, हा तुमच्यासाठी नुसता टप्पा नसून पुढच्या मोठ्या फेलोशिपची पूर्वतयारी आहे, आणि ती अर्धवट टाकून परदेशी पदवीमागे धावणे मला तोट्याचे वाटते.

'विषय छोटा आहे' या तुमच्या वाक्याशी मी सर्वांत जास्त असहमत आहे. अन्न व कृषी संघटनेने लघु मत्स्यव्यवसायाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये स्वीकारली, संयुक्त राष्ट्रांनी २०२२ हे वर्ष याच व्यवसायाला वाहिले, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने घरापुरती मासेमारी धरून या क्षेत्रात राबणाऱ्या दर दहा माणसांपैकी चार स्त्रिया असल्याचे दाखवले. सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी कशी टिकवतात, या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तुमच्या खाडीतला 'यंदा त्या पट्ट्यात जायचे नाही' हा बायकांचा ठराव याच प्रश्नाचा भाग आहे. फक्त तो तसा मांडावा लागेल: प्रथम सर्वांना पडलेला प्रश्न, मग त्याचे उत्तर शोधायला तुमची खाडी का योग्य आहे, आणि त्यानंतर तुम्ही आजवर काय मोजले आहे.

आणि आता तो अवघड प्रश्न. तुमच्या कामातली कोणती गोष्ट इथे होऊ शकत नाही? पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला असे वाटले, की तुम्ही परदेश मागत आहात, पण तुम्हाला हवे आहे ते कदाचित दुसरेच काही: आठवड्याच्या तासिकांतून सुटका, एक सुसज्ज प्रयोगशाळा आणि तुमच्या विषयावर गंभीरपणे बोलणारे कोणीतरी. या तीन गोष्टी परदेशात मिळतात हे खरे, पण त्यांतल्या दोन जवळही मिळू शकतात. गोव्यातील दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुमच्यापासून रेल्वेने काही तासांवर आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, साठा टिकवून केलेल्या मासेमारीसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले ते पहिले. काही महिने बंदी आणि जाळ्याच्या आसाला किमान माप, असे नियम तिथल्या मच्छीमारांनी पाळले आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यामागचे विज्ञान पुरवले. तुमच्या चाळणीचा प्रश्न त्यांनी निराळ्या पद्धतीने सोडवलेला आहे. तो पाहिल्याशिवाय तुम्ही ब्रिटनला जाणे मला थोडे उलट्या क्रमाचे वाटते. भारतातील विज्ञान अकादम्या दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात आणि ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही खुली असते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला मे महिन्यात तसेही मानधन नसते, तेव्हा या फेलोशिपमुळे तुमचे काहीही बुडत नाही.

हे सारे करूनही एखादी गोष्ट उरली, उदाहरणार्थ शिंपल्यांच्या कवचातील वाढीच्या रेषांचे रासायनिक विश्लेषण करणारी प्रयोगशाळा, किंवा अशाच खाडीवर तीसेक वर्षांची मोजमापे असलेला परदेशातील गट, तर तीच तुमच्या अर्जाची पहिली ओळ होईल. त्या गटाच्या प्रमुखांना दीड-दोनशे शब्दांची ई-मेल लिहा. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातला कोणता मुद्दा तुमच्या खाडीत वेगळा दिसतो आणि त्यांच्याकडे काय शिकायचे आहे, एवढेच त्यात असावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. पाचच जणांना पाठवा, पण प्रत्येकाचे वाचून. उत्तर न आल्यास तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि मग विषय सोडून द्यावा. इंग्रजी साधे असले तरी चालते. भाषेच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य धरतात, म्हणून ती परीक्षा घाईने देऊन ठेवू नका. कुठे जायचे ते ठरल्यावर द्या.

नमुने परदेशी नेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात येते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार संशोधनासाठी जैविक नमुने देशाबाहेर नेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. त्याला लागणारा वेळ फेलोशिपच्या वेळापत्रकात धरलेला नसेल तर माणूस प्रयोगशाळेत पोहोचतो आणि शिंपले गावातच राहतात. त्याच वेळी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशीही बोला. लोकजैवविविधता नोंदवहीत तुमच्या खाडीतले शिंपले आणि ते काढण्याच्या पद्धती नोंदवल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर त्या बायकांच्या नावानिशी नोंदवून घ्या. यात कागदी काम वाढते, पण उद्या कोणी 'हे ज्ञान कोणाचे' असे विचारले तर तुमच्याकडे उत्तर असेल.

इथून चाळणीच्या पेटंटचा मुद्दा येतो. पेटंटला नावीन्य लागते आणि प्रदर्शनात, वर्तमानपत्रात किंवा शोधनिबंधात आधी जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य साधारणपणे संपते. आपल्या कायद्यातील सवलत फार अरुंद आहे. शिवाय पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) नुसार पारंपरिक ज्ञान किंवा त्याची नुसती जुळवाजुळव पेटंटयोग्य नसते. तुमच्या पत्रावरून मला दिसते ते असे, की बारीक शिंपले खाली पाडणारी बांबूची पाटी त्या बायका पूर्वीपासून वापरत होत्या, आणि तुम्ही तिच्या भोकांचे माप मोजणीवरून ठरवून ती स्टीलमध्ये करून घेतली. हे चांगले काम आहे. ते पेटंटचे काम आहे का, याविषयी मला दाट शंका आहे, आणि असले तरी त्यावर केवळ तुमचे आणि प्राचार्यांचे नाव असणे योग्य होईल का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. तुमचे स्वतःचे त्यातले योगदान, म्हणजे किती मापाच्या भोकाने किती शिंपले पुढच्या हंगामापर्यंत वाचतात, हे शोधनिबंधात अधिक शोभेल.

चाळणीला पुरस्कार हवाच असेल तर तो त्या बायकांसाठी मागावा, असे मी सुचवेन. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, गांधीनगर, हे ज्यांनी तांत्रिक शिक्षण घेतलेले नाही अशा लोकांच्या कल्पना आणि पारंपरिक ज्ञान यांची नोंद घेते आणि राष्ट्रीय पुरस्कारही देते. तुमच्यासारख्या एम. एस्सी. झालेल्या व्यक्तीसाठी ते दार नाही. पण अर्ज भरून देणारी, त्या काय सांगतात ते लिहून घेणारी व्यक्ती म्हणून तुम्ही तिथे जाऊ शकता.

निसर्गसंवर्धनाचे आंतरराष्ट्रीय पुरस्कार तुमच्यासाठी आहेत, पण आज नाहीत. ब्रिटनचा व्हिटली पुरस्कार आणि नेदरलँड्सचा 'फ्यूचर फॉर नेचर' पुरस्कार यांसाठी स्वतः अर्ज करता येतो. थरच्या वाळवंटात माळढोकासाठी काम करणारे डॉ. प्रमोद पाटील यांना २०१५ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. सागरी मासेमारीवर काम करणाऱ्या दिव्या कर्नाड यांना २०१९ मध्ये 'फ्यूचर फॉर नेचर' मिळाला. दोघांच्याही मागे वर्षानुवर्षांचे काम होते. तुमची चाळण एका खाडीत दोन हंगाम चालली आहे. ती शेजारच्या दोन-तीन खाड्यांत पोहोचू द्या, आणि तिथे ती चालली नाही तर का चालली नाही, हेही लिहून ठेवा. या मधल्या टप्प्यासाठी ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदाने आहेत. रक्कम काही हजार पौंडांची, पण ती नेमकी अशाच लहान संवर्धन प्रकल्पांसाठी असते. मात्र परदेशातून येणारा प्रकल्पनिधी परदेशी अभिदाय कायद्याच्या (एफसीआरए, परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) कक्षेत येऊ शकतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडे आलेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. तेव्हा पैसे कोणाच्या खात्यात येणार, हे अर्जापूर्वीच सनदी लेखापालाला विचारून ठरवा. 'आमच्या ओळखीच्या ट्रस्टमध्ये घेऊ आणि मग तुम्हाला देऊ' असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा.

याच विषयावर लिहिणाऱ्या इतर वाचकांपैकी अनेकांना संशोधनासाठी नव्हे, तर पूर्ण पदवीसाठी परदेशी जायचे असते, म्हणून त्यांच्यासाठीही थोडे लिहिते. त्यांनी चेव्हनिंग, युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती यांच्या अटी स्वतः वाचाव्यात. १८९२ मध्ये सुरू झालेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची मदत मिळवणाऱ्यांत अगदी प्रारंभी कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, ही अभिमानाची गोष्ट आहे, पण ते कर्ज असते आणि फेडावे लागते, हे घरी आधी सांगावे. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, वारसा आणि इतिहास यांच्याशी संबंधित विषय २०२२ पासून वगळले आहेत. कोकणातली कातळशिल्पे त्याच वर्षी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि आपल्याच सड्यावरच्या या चित्रांचा अभ्यास या शिष्यवृत्तीतून बाहेर जाऊन करता येत नाही. हा निर्णय मला पटलेला नाही, पण अर्ज करणाऱ्याने तो गृहीत धरूनच पर्याय शोधला पाहिजे.

शिफारसपत्रांविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी तुमचा अर्ज तिथेच अडखळण्याचा संभव आहे. 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि बहुतेक वेळा तिच्यामागे वाईट हेतू नसतो. मार्गदर्शकांना वेळ नसतो आणि इंग्रजी पत्राची सवय नसते. पण तिन्ही पत्रे एकाच हातची असली की ते वाचणाऱ्याला कळते. मार्गदर्शकांना पत्राऐवजी एक पानभर तपशील द्या: तुम्ही केलेली मोजमापे, एखादी चूक तुम्ही कशी दुरुस्त केलीत तो प्रसंग, योजनेचे नाव, मुदत. त्यांनी मराठीत सांगितले आणि विभागातल्या दुसऱ्या कोणी ते इंग्रजीत उतरवले तरी चालेल. यासाठी किमान महिनाभर आधी विचारावे. दुसरे पत्र उन्हाळ्यात ज्यांच्या प्रयोगशाळेत काम कराल त्यांच्याकडून घ्या, म्हणजे तुमच्या महाविद्यालयाबाहेरच्या कोणीतरी तुमचे काम पाहिले आहे, हे दिसेल.

तासिका तत्त्वावरील नोकरीला रजा नसते, त्यामुळे नऊ महिने गेलात तर परतल्यावर त्याच तासिका मिळतील, याची शाश्वती कोणी देणार नाही. हा धोका खरा आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही. प्राचार्यांकडून 'परतल्यावर प्राधान्याने विचार करू' असे पत्र मागून पाहा. त्याला कायदेशीर वजन नसले तरी त्यांना स्वतःच्या शब्दाची आठवण राहते. तीन-चार महिन्यांच्या छोट्या भेटीत काम होण्यासारखे असेल तर नऊ महिन्यांचा हट्ट धरू नका.

राहता राहिला आईंचा प्रश्न. त्यांना सांगा, की परत येण्याची अट यांतल्या अनेक शिष्यवृत्त्यांच्या पोटातच असते. मंडणगडजवळचे आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा परतून दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, आणि परतून फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. आजही फुलब्राइटवर गेलेल्या व्यक्तीला सामान्यतः दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मागता येत नाही. चेव्हनिंगचीही दोन वर्षे परत राहण्याची अट आहे. पीएच. डी.चा प्रबंध तर तुम्हाला इथल्याच विद्यापीठात सादर करायचा आहे. योजनेची जाहिरात आली की ही कलमे मराठीत उतरवून आईंना वाचून दाखवा, आणि वडिलांनाही. व्यापाऱ्याशी बोलणे अजून पक्के झालेले नसेल तर ते त्याआधी थांबवायला सांगा.